कपाटावरची हिरवी खूण

वकील नको म्हणून त्या बाईंनी केलेली सही मला आजही आठवते. आमच्या कोठडीच्या काउंटरवर एक छोटा स्क्रीन असे आणि त्यावर प्लास्टिकच्या पेनाने सही करायची असे. अटक झालेल्या प्रत्येकाला फुकट वकील मिळतो, हे ड्यूटीवरचा सार्जंट वाचून दाखवतो. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि नको म्हणून सांगितले. मग माझ्याकडे वळून मराठीत विचारले, "वकील घेतला तर मी काहीतरी केलंय असंच वाटेल ना, सर, तुम्हाला?"

तसे काही वाटणार नाही, हे मी सांगायला हवे होते. मी पुढचा कागद त्यांच्यासमोर सरकवला.

तेव्हा मी इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमजवळच्या एका ठाण्यात डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. वडील इथल्या सरकारी रुग्णालयात डॉक्टर म्हणून आले आणि मी इथेच वाढलो. घरात मराठी, बाहेर इंग्रजी. नोकरीच्या सत्तावीस वर्षांत आपली भाषा बोलणारा संशयित माझ्यासमोर जेमतेम चार-पाच वेळा आला. नावे कोणाचीच देत नाही. रुग्णालय कोणते आणि यंत्र कोणत्या कंपनीचे, हेही सांगत नाही.

तक्रार रुग्णालयाकडून आली. एका वॉर्डातून सहा आठवड्यांत अकरा वेळा तीव्र वेदनाशामक इंजेक्शने काढली गेली होती आणि ती रुग्णांपर्यंत पोहोचली नव्हती. ही औषधे वॉर्डातल्या एका पोलादी कपाटात ठेवत. पूर्वी त्याला किल्ली होती आणि शेजारी रजिस्टर, त्यात दोन नर्सेसच्या सह्या. नंतर बोटाच्या ठशावर उघडणारे कपाट आले. बोट टेकवायचे, हिरवी खूण दिसायची, कप्पा बाहेर यायचा. कोणी, किती वाजता, काय काढले याची नोंद आपोआप होई. त्या अकराही नोंदींसमोर एकाच नर्सचे नाव होते.

या बाई नागपूरच्या. वय त्रेचाळीस, इथे येऊन दोन वर्षे झालेली. नवरा नव्हता. मुलगी नागपूरला मामाकडे राहून बारावी करत होती आणि उन्हाळ्यात तिला इकडे आणायचे ठरले होते. व्हिसा रुग्णालयाच्या नोकरीवर अवलंबून होता. म्हणजे नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी मिळवायची, नाहीतर देश सोडायचा. चोरीचा आरोप असलेल्या नर्सला दुसरी नोकरी कोण देणार?

माझ्या मनात त्या वेळी हे काही नव्हते. अकरांपैकी एक नोंद एका निवृत्त खाणकामगाराच्या औषधाची होती. म्हातारा शेवटच्या दिवसांत होता. त्याच्या मुलीने मला सांगितले होते, "बाबा त्या दुपारी वेदनेने दात आवळत होते. मी दोनदा सांगायला गेले. त्या म्हणाल्या, डोस दिलाय, इथे नोंद आहे." दुसऱ्या दिवशी म्हातारा गेला. हे ऐकून मी बाईंना अटक करायला गेलो होतो. तपास अधिकाऱ्याने रागावून कामाला लागू नये, हे मी नव्या लोकांना शिकवत असे.

कोठडीत पहिले काम ठसे घेण्याचे. आमच्याकडेही शाई जाऊन काचेचे यंत्र आले होते. ते चालवणारा माणूस जुना, बडबड्या. आमच्या भागात अनोळखी माणसालाही आपुलकीने 'डक' म्हणतात, तसा हा सगळ्यांनाच म्हणे.

"हात सैल सोडा, डक. परत एकदा. आणखी एकदा." यंत्र प्रत्येक वेळी लाल दिवा दाखवत होते. पंधरा मिनिटांनी तो माझ्याकडे आला. "तुझ्या बाईंना बोटंच नाहीत."

"म्हणजे?"

"ठसा उमटत नाही. दहा बोटांत एक अंगठा कसाबसा आला. अशी माणसं आपल्याला मिळाली तर आपला धंदा बंद." तो हसला. मीही हसलो. बाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. बोटांची टोके गुळगुळीत झालेली, कडेला भेगा. दिवसातून शंभर वेळा जंतुनाशक जेल लावणाऱ्या नर्सेसचे हात असे होतात. हे मी पाहिले आणि पुढच्या कामाला लागलो.

मुलाखतीच्या खोलीत सगळे रेकॉर्ड होते. काही न बोलण्याचा हक्क आहे, हे आधी सांगावे लागते. मुलाखत इंग्रजीतच झाली, कारण तपास अधिकाऱ्याने स्वतः दुभाष्याचे काम करायचे नसते. पण खोलीकडे जाणाऱ्या कॉरिडॉरमध्ये रेकॉर्डर नसतो. तिथे चालताना मी मराठीत म्हणालो, "ताई, मशीन खोटं बोलत नाही. तुमचंच बोट आहे, हे नक्की आहे. जे असेल ते सांगून मोकळ्या व्हा."

हे वाक्य नियमात बसत नव्हते. तेव्हा त्याची नोंदही कुठे झाली नाही.

पहिली वीस मिनिटे बाई ठामपणे नाही म्हणाल्या. मी नोंदींचा कागद समोर ठेवला आणि एकेक ओळ वाचली. तारीख, वेळ, त्यांचे नाव. प्रत्येक वेळी त्या ड्यूटीवर होत्या. एका वेळी चहाच्या सुट्टीत असेन म्हणाल्या, पण खात्री देता येईना. सहाव्या ओळीनंतर त्यांचा आवाज खाली आला.

"हे सगळं मशीनने स्वतः लिहिलंय?"

"हो."

"कोणी टाइप केलेलं नाही?"

"नाही."

त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी जे सांगितले त्याची मला अपेक्षा नव्हती. त्यांच्या आईला पन्नाशीतच विसरण्याचा आजार झाला होता. आई गॅस चालू ठेवून देवळात जायची आणि परत आल्यावर "मी लावलाच नव्हता" म्हणून भांडायची. खरे वाटूनच भांडायची. "माझंही तसंच सुरू झालं असेल," बाई म्हणाल्या. "मशीन म्हणतंय म्हणजे मीच काढली असेल. मला आठवत नाही. पण मीच असेन."

"इंजेक्शनं कुठे गेली?"

"तेही आठवत नाही."

मी मुलाखत संपवली. बाहेर आल्यावर सहकारी म्हणाला, "कबुली मिळाली." मी अहवालात तसेच लिहिले. आठवत नाही म्हणणारे आरोपी आम्ही रोज पाहत असू आणि या बाईही त्यांतल्याच एक आहेत, असे मी धरून चाललो. तपास चालू ठेवून त्यांना सोडून दिले. दहा दिवसांत रुग्णालयाने त्यांना नोकरीवरून काढले. साठ दिवस मोजायला सुरुवात झाली.

त्यानंतर आठवड्याभराने मी चहाच्या किटलीपाशी उभा होतो. ठसेवाला तणतणत आला. "चांगले दोन आठवडे मेकॅनिकच्या मागे लागलो. म्हटलं, यंत्र बिघडलंय, त्या नर्सबाईंचे ठसेच घेईना. तो आला, तपासलं आणि म्हणाला, यंत्र ठणठणीत आहे. बाईंच्या बोटांतच दम नव्हता."

मी कप खाली ठेवला. पोलिसांचे यंत्र पंधरा मिनिटांत एक अंगठा कसाबसा वाचते. मग वॉर्डातल्या कपाटाने त्याच हातांना अकरा वेळा दार उघडले, ते कसे?

त्याच दुपारी मी बाईंच्या भाड्याच्या खोलीवर गेलो. या वेळी महिला सहकारी बरोबर होती, वहीही होती. मी विचारले, "वॉर्डातलं कपाट तुमचं बोट घेतं?"

"कधी घेतं, कधी नाही. थंडीत तर चार-चार वेळा लावावं लागतं."

"आणि घेतलंच नाही तर?"

"मग सिस्टरला हाक मारायची. ती बोट लावून उघडून द्यायची. पेशंट कळवळत असतो ना, किती वेळ थांबायचं?"

सिस्टर म्हणजे वॉर्डाची मुख्य नर्स.

"हे मुलाखतीत का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाही." मग हळू आवाजात म्हणाल्या, "आणि ते सिस्टरच्या नावावर जातं ना. माझ्या नावाशी त्याचा काय संबंध? उगाच तिला कशाला अडकवायचं? पहिल्या हिवाळ्यात तिने मला स्वतःचा कोट दिला, दादा." तो कोट दारामागे खुंटीवर होता. 'सर'चे 'दादा' कधी झाले, ते मला वही परत वाचतानाच कळले.

ते कपाट सिस्टरच्या नावावर उघडते, हे त्यांना कोणी सांगितले होते? कोणीच नाही. स्क्रीनवर फक्त हिरवी खूण दिसे. नाव दिसत नसे.

मी कंपनीला पत्र पाठवून दोन गोष्टी विचारल्या: या नर्सच्या नावाखाली कोणकोणती बोटे नोंदवली आहेत, आणि फसलेल्या प्रयत्नांची यादी कुठे आहे. तीन आठवड्यांनी उत्तर आले की सुरक्षेच्या कारणास्तव ही माहिती देता येत नाही. मी फोन केला. पलीकडचा माणूस सभ्य होता.

"एका व्यक्तीच्या नावावर चार बोटं नोंदवता येतात," तो म्हणाला.

"आपल्या नावावर कोणती बोटं आहेत, ते नर्सला दिसतं?"

"नाही. वापरणाऱ्यांना त्याची गरज नसते. जास्त माहिती दिली की लोक गोंधळतात आणि विश्वास कमी होतो."

"कोणाला दिसतं?"

"वॉर्डाच्या प्रमुखाला. नोंदणी त्यांच्याच लॉगिनने होते."

मी इन्स्पेक्टरकडे गेलो. ते म्हणाले, "कबुली आहे तुझ्याकडे. आता काय यंत्राची उलटतपासणी घेणार?" तरी त्यांनी कोर्टात अर्ज करायला परवानगी दिली. कंपनीच्या वकिलांनी दोनदा मुदतवाढ मागितली. या काळात बाईंचे दोन फोन आले. पहिल्यांदा त्यांनी विचारले, काही झालं का? दुसऱ्यांदा म्हणाल्या, "मी इथल्या डॉक्टरांकडे जाऊन आले. विसरण्याची टेस्ट करायची म्हटलं. सहा महिन्यांची वेटिंग आहे." त्या केसबद्दल बोलत आहेत असे मला वाटले. त्या स्वतःच्या डोक्याबद्दल विचारत होत्या. ते मला समजले तोवर उशीर झाला होता.

कोर्टाचा आदेश हातात पडला, त्याच्या नऊ दिवस आधी त्यांचे साठ दिवस भरले होते आणि त्या हीथ्रो विमानतळावरून भारतात परतल्या होत्या. ठाण्यात कोणीतरी म्हणाले, "पळाली शेवटी."

कपाटाची तपासणी एका सकाळी वॉर्डातल्या स्टोअररूममध्ये झाली. कंपनीचा तंत्रज्ञ लॅपटॉप जोडून बसला. नर्सेसना जे दिसत नसे, ते त्याच्या पडद्यावर दिसत होते. त्या बाईंच्या नावाखाली दोन नोंदी निघाल्या: एक उजवा अंगठा, आणि एक बोट ज्यापुढे हात लिहिलाच नव्हता. अकराही वेळा कपाट या दुसऱ्या बोटावर, पहिल्याच प्रयत्नात उघडले होते. अंगठ्यावर ते सरासरी चौथ्या प्रयत्नात उघडत असे. हे सगळे पहिल्या दिवसापासून यंत्राच्या पोटात होते. रुग्णालयाला मिळणाऱ्या अहवालात फक्त नाव येत असे.

बोट कोणाचे, हे शोधायला एकच मार्ग होता. वॉर्डातल्या चौदा जणांनी लेखी संमती दिली. एकेकाने येऊन दहाही बोटे टेकवायची, तंत्रज्ञाने नाव वाचायचे. पहिल्या सहा जणांसाठी कपाट ज्याच्या-त्याच्या नावाने उघडले. कोणी थट्टा करत होते, कोणी बोटे पँटला पुसत होते.

सातवी सिस्टर. पन्नाशीची, सव्वीस वर्षे नोकरी झालेली. रुग्णांचे नातेवाईक नाताळला तिला कार्ड पाठवत. चालताना ती कमरेला हात लावून चालायची, हे मी तेव्हा प्रथम नीट पाहिले. उजव्या हाताची पाचही बोटे झाली, प्रत्येकाला एक तर तिचेच नाव नाहीतर लाल दिवा. डाव्या हाताचे अंगठीचे बोट टेकवले. हिरवी खूण आली. तंत्रज्ञाने माझ्याकडे पाहिले.

"वाचा," मी म्हणालो.

त्याने नागपूरच्या बाईंचे नाव वाचले.

सिस्टरने बोट काढून घेतले आणि त्याच्याकडे पाहिले. "ते वाईट दिवसांसाठी होतं," ती म्हणाली. "यंत्र तिला घेत नसे, तेव्हासाठी." पाच मिनिटांत तिने वकील मागितला. तिने बरोबर केले. वकील मागणे हा गुन्ह्याचा पुरावा नाही आणि न मागणे हा निरपराधपणाचा नाही, हे आम्हा पोलिसांना पाठ असते. तरी आमच्या मनात हिशेब उलटाच चालतो आणि परक्या देशातला माणूस तो हिशेब ओळखतो.

दोन मुलाखतींत तिने उत्तर दिले नाही. तिसरीत सगळे सांगितले. सुरुवात खरोखर मदतीनेच झाली होती. नवी नर्स कपाटासमोर रडत होती, रुग्ण ओरडत होता. सिस्टरने स्वतःच्या लॉगिनने आपलेच एक बोट तिच्या नावावर टाकले, म्हणजे औषध वेळेवर निघेल आणि नोंदही ज्या नर्सच्या रुग्णाला ते जाते तिच्या नावावर होईल. हे नर्सला सांगण्याची तिला गरज वाटली नाही. पुढे तिची पाठदुखी वाढली. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या, तेव्हा ती कपाटातली इंजेक्शने स्वतःसाठी काढू लागली. महिन्याचा अहवाल तिच्याकडेच यायचा, त्यामुळे त्या बोटाने उघडले की काय लिहिले जाते, हे वॉर्डात फक्त तिला माहीत होते.

"त्या म्हाताऱ्याचं औषध?" मी विचारले.

"त्याच्या मुलीला मीच म्हणाले होते," ती म्हणाली. "की डोस दिलाय."

तिला शिक्षा झाली. कंपनीने पुढे स्क्रीनवर नाव दाखवायला सुरुवात केली, असे ऐकले. सिस्टरने सगळे सांगितले त्याच आठवड्यात मी कॉरिडॉरमधले ते वाक्य जसेच्या तसे, मराठीत आणि खाली इंग्रजी अर्थ देऊन, लिहून वरिष्ठांकडे दिले. दोन महिने लोकांकडे लपवलेल्या नोंदी मागत फिरल्यावर माझी ही एक नोंद तशीच ठेवणे मला जमेना. मला लेखी समज मिळाली. ती माझ्या सेवापत्रकात आहे.

नागपूरला फोन मी केला. तिथे दुपार होती. भावाने उचलला आणि माझे नाव ऐकून बहिणीला हाक मारली. मग बाई आल्या. मी सगळे सांगितले. सिस्टरचे नाव ऐकल्यावर त्या फक्त "कोट परत द्यायचा राहिला" एवढेच बोलल्या. नंतर विचारले, "म्हणजे मी काढली नव्हती?"

"नाही, ताई. हे नक्की आहे."

"नक्की तुम्ही तेव्हाही म्हणाला होतात, दादा."

मी ते मान्य केले. त्याच पुढे म्हणाल्या, "मला ते कागद पाठवाल? मशीनचे. मी स्वतः बघते."

केस संपलेली होती. परवानगी मिळवायला सात आठवडे लागले. दोन वर्षांत त्यांच्या नावावर झालेली कपाटाची प्रत्येक नोंद, रुग्णांची नावे झाकून, एकशे चाळीस पानांत छापून आली. आकडे आणि कोड. त्यातून सामान्य माणसाला काहीच कळले नसते. मी दोन रविवार घरी जेवणाच्या टेबलावर बसलो. जिथे त्यांचा अंगठा होता, तिथे समासात हिरव्या पेनाने खूण केली, आणि अंगठा कितव्या प्रयत्नात लागला तो आकडा लिहिला. तीन, चार, चार, सहा. जिथे दुसरे बोट होते, तिथे समास मोकळा ठेवला. मग गठ्ठा पोस्टात टाकला.

सहा आठवड्यांनी ईमेल आला. पान एकवीस, खालून तिसरी ओळ: इथे तुम्ही खूण केली नाही, पण तो माझा अंगठा आहे, कोड बघा. मी पाहिले. त्यांचे बरोबर होते, माझ्या नजरेतून सुटले होते. मी तसे कळवले.

त्यांनी एकशे चाळीस पाने ओळ न ओळ तपासली होती. त्यानंतर त्यांचे पत्र आले नाही. विसरण्याच्या आजाराबद्दल मी विचारले नाही, त्यांनीही लिहिले नाही.

नव्या अधिकाऱ्यांसमोर बोलायला मला अजून बोलावतात. यंत्रावर विश्वास ठेवावा की नाही, असे ते विचारतात. मी त्यांना पान एकवीसची गोष्ट सांगतो. समोरच्या माणसाला आपली नोंद स्वतः वाचता आली, तर तो तिच्यातली चूक दाखवू शकतो. त्या दिवशी मुलाखतीच्या खोलीत मी त्या बाईंसमोर फक्त त्यांचे नाव ठेवले होते.